आखूड नळीचा सायलेन्सर

लेहतोवारा, १८ एप्रिल १९९९

राउहा,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. कोणी गेलेलं नाही. आजवर पत्रं तुझी आई लिहायची आणि मी खाली सही ठोकायचो. ती गेल्यापासून तेवढंही राहिलं नाही. आता काम पडलंय म्हणून बसलोय लिहायला.

फोन करू नकोस. तो बिघडलाय. नुसती खरखर येते.

काम असं. रायफलला सायलेन्सर बसवायचाय. पोरगी सायलेन्सरच्या कारखान्यात लेथवर उभी असताना बापाने दुकानात कशाला जायचं? आमच्या शिकार मंडळात आता झाडून सगळ्यांच्या नळीवर ते डबडं आलंय. एकटा मीच राहिलोय उघड्या तोंडाचा. वाल्टो मंडळाचा अध्यक्ष झाल्यापासून जास्तच शहाणा झालाय. म्हणतो, "आर्मास, तुझ्या बाराने तलावापलीकडच्या माझ्या कोंबड्यांनी अंडी द्यायचं बंद केलं." त्याच्या कोंबड्या म्हाताऱ्या झाल्यात, त्याला मी काय करू?

पण तुइस्कुचं मात्र खरं आहे. घोड्याएवढा एल्क अडवून त्याच्यासमोर भुंकत राहावं तर या कुत्रीनेच, अख्ख्या तालुक्यात दुसरी नाही. आणि आता मी रायफल खांद्याला नेली की कान पाडून बाजूला सरकते. तिचे कान जपायला हवेत.

माहिती लिहून घे. काडतूस तेच आपलं, तीस-शून्य-सहा. नळी साठ सेंटिमीटर, परवान्यावर तसं लिहिलंय. तोंडाशी आटे पाडलेले आहेत, पंधरा मिलिमीटरचे. हलकासा बघ. ऑक्टोबरातल्या दुसऱ्या शनिवारच्या आत हवा, त्या दिवशी शिकार सुरू होते हे तू विसरली नसशील.

सकाळी बर्फ कडक असतो, वरून चालता येतं. दुपारी त्याच जागी कमरेपर्यंत आत. बाकी इथं भागतंय.

बाबा


कौहावा, २९ एप्रिल १९९९

बाबा,

पाकीट मी जिन्यातच उभ्याने फोडलं, आणि आत काय तर सायलेन्सर! हसावं का रडावं ते कळेना. "कशी आहेस" एवढे दोन शब्द तुमच्या शाईला जड झाले होय? बरी आहे मी. सकाळची शिफ्ट आहे, थंडी ओसरलीय, खोकला गेला.

आता कामाचं. सायलेन्सर म्हणजे टोपी नव्हे, दिसलं डोकं की बसवली. आधी काडतूस बघायचं. तुमच्या काडतुसात दारू भरपूर, म्हणजे मागून येणारा वायूही भरपूर, त्याला मावायला पोट मोठं लागतं. मग नळी बघायची. लांब नळीत दारू आतल्या आत जळून संपते आणि तोंडाशी येईपर्यंत वायूचा जोर उतरलेला असतो. साठ असेल तर आमचा हलका ॲल्युमिनियमचा डोळे मिटून चालेल. मी एक बाजूला काढूनही ठेवलाय.

पण परवान्यावरचा आकडा मला नको. तुम्ही स्वतः मोजा. रायफल रिकामी आहे हे दोनदा बघा, बोल्ट बंद करा, नळी पुसायची कांडी तोंडातून आत टेकेपर्यंत सरकवा, तोंडाशी कांडीवर खूण करा, बाहेर काढून मोजा. बाहेरून लोखंडावर पट्टी लावू नका. सगळे तेच करतात आणि मग आम्हाला शिव्या घालतात.

आणखी एक. ख्रिसमसला वाल्टोकाकांच्या केर्त्तूकाकूंचं कार्ड आलं होतं. त्यांनी लिहिलंय की गेल्या हंगामात तुइस्कु दलदलीपलीकडे भुंकत होती, सगळ्यांना ऐकू येत होतं, आणि तुम्ही पाठ फिरवून भलत्याच दिशेला चालायला लागलात. कायानी शहरातल्या कानाच्या डॉक्टरकडेही जाऊन आलात म्हणे. काय म्हणाला तो? मला का नाही कळवलंत? सायलेन्सर लावला तरी बार हा बारच असतो बाबा. आवाज मरत नाही, नुसता वाकतो. कानावर झाकणं लावल्याशिवाय एकही गोळी झाडायची नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

इथं कारखान्यात माझ्या नावाची थट्टा चालते. राउहा म्हणजे शांती ना, तर रोज कोणीतरी विचारतं, "काय शांतीबाई, आज किती जणांची तोंडं बंद केलीत?" मी हसते. संध्याकाळी खोलीच्या खिडकीत बसलं की सगळं सपाट, शेतंच शेतं, नजर कुठं अडत नाही. चौदा वर्षं झाली, पण डोळे अजून समोर टेकडी शोधतात आणि टेकडीवर भाल्यासारखी सरळ काळी झाडं.

फोन दुरुस्त करून घ्या. नाही केलात तरी मला ठाऊक आहे, तुमचं भागतंय.

राउहा


लेहतोवारा, १६ मे १९९९

राउहा,

केर्त्तूच्या तोंडाला बसेल असा एखादा सायलेन्सर तुमच्याकडे मिळतो का? मोठ्या पोटाचा बघ, तिथं दारूगोळा संपतच नाही.

माझे कान ठीक आहेत. त्या दिवशी वारा उलटा होता. डॉक्टरकडे गेलो होतो ते कानातला मळ काढायला. त्याने एक यंत्र दिलंय, ते कानात घातलं की अख्खं जंगल शिट्ट्या मारतं. टेबलाच्या खणात ठेवून दिलंय.

तू सांगितलंस तसं मोजलं. पंचेचाळीस. बरोबर वाचलंस. हिवाळ्यात कापून घेतली. करवतीने नव्हे, वाल्टोच्या मेहुण्याच्या लेथवर, नीट काटकोनात, आटे पुन्हा पाडून. आटे तेच, भोक तेच, गोळी तीच. मग लांबीशी तुला काय देणंघेणं, हे मला कळलेलं नाही.

एक मात्र लक्षात ठेव. पुढे वजन नको. दिवसभर पाठीवर वागवून खांदा भरून येईल अशी रायफल नको, झाडांच्या दाटीत झटकन खांद्याला आली पाहिजे. यावर तडजोड नाही.

तलावाचा बर्फ परवा फुटला. करकोचे आलेत. तुझ्या खोलीच्या खिडकीखाली जी पेटी टांगलीय तिच्यात पाखरांनी पुन्हा घर केलंय, म्हणून मी ती खिडकी उघडत नाही. बाकी इथं भागतंय.

बाबा


कौहावा, ६ जून १९९९

बाबा,

डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? पंधरा सेंटिमीटर नळी कापली आणि वर मला विचारता की लांबीशी काय देणंघेणं! बरं झालं मोजायला लावलं. तो हलका मी पाठवून दिला असता तर आज मला झोप लागली नसती.

नीट ऐका, म्हणजे वाचा. काडतूस मोठं ठेवलंत आणि नळी आखूड केलीत, तर दारूला आत जळायला जागा पुरत नाही. ती जळत जळतच तोंडातून बाहेर पडते. सायलेन्सरच्या पोटात एकामागे एक पडदे असतात, आणि पहिला पडदा हा सगळा मार छातीवर घेतो. ॲल्युमिनियमचा पडदा तो सोसणार नाही. हळूहळू खाल्ला जाईल आणि एक दिवस फाटेल, तोही तुमच्या तोंडापासून हातभर अंतरावर. आवाजही जास्त, जाळही जास्त. कानाचा पडदा आधीच विरलेला असेल तर त्याचं काय होईल हे मी लिहीत नाही.

म्हणून तुम्हाला स्टीलच्या पडद्यांचा हवा, पहिला कप्पा ऐसपैस असलेला. स्टील जड, हे कबूल. त्यावर उपाय आहे. अर्ध्याहून जास्त भाग नळीवरच मागे सरकून बसेल असा मी करते, म्हणजे पुढे वीतभरच डोकावेल आणि वजन हाताजवळ राहील. पण कापलेल्या जागी नळी जाड असणार, तेव्हा बाहेरची जाडी मोजून कळवा, नाहीतर मागचं तोंड बसणार नाही. आणि तोल साधायचा तर दस्ता किती लांब आहे तेही हवं, ट्रिगरपासून खांद्याला टेकणाऱ्या टोकापर्यंत. बसवल्यावर नेम पुन्हा जुळवावा लागेल, गोळी सरकतेच.

पण तुम्हाला हलकी रायफल कधीपासून लागायला लागली हो? एल्कची अख्खी मांडी खांद्यावर टाकून दलदल ओलांडणारे तुम्ही. काय चाललंय तिकडे? कोणी सांगेल का मला?

खिडकीचं वाचलं आणि डबा तसाच उघडा ठेवून मी कारखान्याच्या मागे जाऊन रडले. आता आलंच आहे ओठांवर तर लिहूनच टाकते. आई गेली त्याच्या पुढच्या महिन्यात, गेल्या वर्षी फेब्रुवारीत, मी तुम्हाला फोन केला होता. आठवडाभर धीर गोळा करत होते. मी विचारलं, "बाबा, मी घरी परत येऊ का? कायमची?" तुम्ही म्हणालात, "इथं भागतंय." मी फोन ठेवला. त्यानंतर मी तो विषय काढला नाही, तुम्हीही काढला नाहीत. तुमचं भागत असेल बाबा. माझं एक दिवस भागलेलं नाही.

लिहिलं ते लिहिलं, आता खोडत नाही. दस्त्याची लांबी कळवा.

राउहा


कौहावा, २२ ऑगस्ट १९९९

बाबा,

अकरा आठवडे झाले, तुमचं पत्र नाही. मी जास्त बोलले का? मग त्यावर काही लिहू नका, फक्त दोन आकडे लिहा, नळीची जाडी आणि दस्त्याची लांबी. पडदे तयार आहेत, माझ्या कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेत. हंगाम तोंडावर आलाय.

इकडे मला शिफ्टची मुख्य करायचं ठरलंय. पाच वर्षांचा करार आहे, पुढच्या महिनाअखेर सही करायची. सप्टेंबरच्या अखेर. कारखान्याशेजारी दोन खोल्यांचं घरही देतायत. सगळे म्हणतात, नशीब काढलंस. मी अजून हो म्हटलेलं नाही, नाही म्हणायलाही काही कारण नाही.

तुम्ही ठीक आहात ना? तेवढं तरी कळवा. काकूंना विचारायला मला आवडत नाही.

राउहा


लेहतोवारा, ५ सप्टेंबर १९९९

राउहा,

उन्हाळाभर हे पत्र लिहितोय. चार कागद चुलीत गेले.

फोन बिघडलेला नाही. बिघडलोय मी. पाच-सहा वर्षं झाली, फोन कानाला लावला की मला डबीत माशी कोंडल्यासारखं ऐकू येतं, शब्द एकही नाही. तुझा फोन आला की तुझी आई माझ्याशेजारी उभी राहून खुणेने सांगायची. बरी आहे. सर्दी झालीय. ख्रिसमसला येतेय. त्या हिशेबाने मी हूं-हूं करायचो आणि तुला वाटायचं बाप ऐकतोय. कोणाला कळू द्यायचं नाही असं मी तिच्याकडून वचनच घेतलं होतं. बहिऱ्या माणसाला मंडळात कोणी रायफल घेऊन उभं करत नाही.

ती गेली आणि खुणा करणारं कोणी उरलं नाही. मग मी सगळ्यांसाठी एकच उत्तर ठरवलं, "इथं भागतंय." भला माणूस असला तर ऐकून समाधानाने फोन ठेवतो, काही विकणारा असला तर वैतागून ठेवतो. आमच्या पाद्र्यांनी फोनवर विचारलं होतं म्हणे, सिल्वीच्या थडग्याचा दगड कललाय, सरळ करायला माणूस पाठवू का? मी म्हटलं, भागतंय. वर्षभर दगड तसाच कललेला आणि गावात चर्चा, आर्मासला बायकोची पर्वा नाही. मला हे तेव्हा कोणी सांगितलंही असेल, मी ऐकलं नसेल.

तेव्हा फेब्रुवारीत तू काय विचारलंस, ते मला या जूनमध्ये तुझ्या पत्रातून कळलं. शपथेवर सांगतो, पोरी. मी पत्र टेबलावर ठेवलं, कॉफी ओतली, ती गार झाली, पुन्हा ओतली. तू मला असं काही विचारलं होतंस! आणि मी इथं बसून म्हणत होतो, पोरगी तिकडे रमली, चांगलं झालं, आपण मधे पडू नये.

त्या दिवशी वारा उलटा नव्हता. तुइस्कु समोर असली तर मला तिचा जबडा हललेला दिसतो, एवढंच. लांबचं तिचं भुंकणं गेलं. डॉक्टर म्हणाला, डावा कान संपला, नळीकडे तोच असतो ना. उजव्यात थोडं आहे. बार थांबवले तर ते राहील, आणखी एक हंगाम काढलात तर तेही जाईल. मी तिथंच ठरवलं की आता आपण रायफल उचलायची नाही. नळी त्यानंतर कापली. तू पत्रात विचारत होतीस, मला हलकी रायफल कशाला लागते. मला लागत नाही. ती तुझ्यासाठी आहे.

दस्ता तेहतीस सेंटिमीटर. माझा सदतीस होता, तोही कापला. माप तुझ्या हिरव्या जॅकेटवरून घेतलं, ते अजून दारामागच्या खुंटीला आहे. बाहीत लाकडी काठी घातली, बाही कोपराशी दुमडली, मनगटापर्यंत मोजलं आणि पुढे बोटापर्यंतचं धरलं. तू तेव्हापेक्षा जाड झाली असशील, पण हात तर वाढले नसतील. नळीची बाहेरची जाडी साडेअठरा मिलिमीटर.

मनात असं होतं की सायलेन्सर आला की रायफल पुरी करायची आणि तुला कळवायचं, एकदा शिकारीला ये. तू तुइस्कुचं ऐकायचंस आणि मला हाताने दिशा दाखवायचीस. म्हाताऱ्याचा बेत.

पण आता तुला शिफ्टची मुख्य करतायत. मोठी गोष्ट आहे. तुझ्या आईने गावभर सांगितलं असतं. सही करून टाक. सायलेन्सर सवडीने पाठव, रायफल इथं राहील, सुट्टीत आलीस तर वापर. इथलं तू मनावर घेऊ नकोस.

बाबा


कौहावा, १४ सप्टेंबर १९९९

बाबा,

तेहतीस वाचलं आणि मी मशीन बंद केलं. मुकादम म्हणाला काय झालं, मी म्हटलं डोळ्यात कीस गेला. मग दोन्ही डोळ्यांत कसा गेला म्हणून तो विचारत राहिला.

सायलेन्सर झाला. नळीवर मागे सरकतो, पुढे माझ्या हाताची वीत, त्याहून जास्त नाही. आमच्या रेंजवर पंचेचाळीसच्याच नळीवर तुमच्याच काडतुसाने लावून बघितला. मीच गोळ्या झाडल्या. पहिला पडदा उघडून बघितला तर नुसती काजळी, ओरखडासुद्धा नाही. दस्ता तेहतीसचा धरून तोलही जुळवला. नवल म्हणजे मला तो कुठं जड वाटलाच नाही. वाटेल कसा? माप माझंच होतं.

तुम्हाला एक माहीत नाही. चौदा वर्षांत मी एकदाही शिकारीला गेले नाही, पण शिकारीच्या कार्डाचे पैसे दर वर्षी भरत आले. नेमबाजीची परीक्षा मे महिन्यात पुन्हा दिली आणि पास झाले. मैत्रिणी म्हणायच्या, वेडी आहेस, कशासाठी देतेस? मी पावती घडी घालून पाकिटात ठेवायचे.

आणि आता तुमच्यावर रागावते. चार पानं लिहिलीत. फोनचं, पाद्र्यांचं, दगडाचं, जॅकेटचं, सगळं सांगितलंत. मी जे विचारलं होतं त्याचं उत्तर मात्र दिलं नाहीत! शेवटी म्हणे सही करून टाक, मनावर घेऊ नकोस. हे पुन्हा "भागतंय"च झालं की, नुसतं लांबलचक. आई असती तर तुमचा कान उपटला असता, तोही चांगला राहिलेला.

तेव्हा मी पुन्हा विचारते. या वेळी फोन नाही, शाई आहे, अक्षरं मोठी काढते. ऐकू आलं नाही म्हणायची सोय नाही.

बाबा, मी घरी येऊ का? कायमची?

सही तीस तारखेला आहे. तुमचं उत्तर आल्याशिवाय मी पेन हातात घेणार नाही.

राउहा


लेहतोवारा, २१ सप्टेंबर १९९९

राउहा,

पत्र काल आलं. चष्मा लावून वाचलं, बाहेर उजेडात जाऊन वाचलं. वाल्टो फाटकाशी उभा होता, त्याला दाखवलं नाही.

इथं भागत नाही. तुझी आई गेल्यापासून एक दिवस भागलेलं नाही. ये.

सही करू नकोस. गोठ्याचं दार मोजलं. तुला इथंच काम करायला कारखान्यातल्यासारखा लेथ आत न्यायचा तर चौकट आड येते, म्हणून चौकट आज सकाळी काढली. गाई नाहीत, विजेची तार आहे, छप्पर गळत नाही. वाल्टोला वाटलं मी गोठा पाडतोय. म्हटलं, पोरगी येतेय. तीनदा म्हटलं, कारण तो काय विचारत होता ते मला कळत नव्हतं.

पेटीतली पाखरं कधीच उडून गेली. तुझ्या खोलीची खिडकी उघडून टाकलीय, गादी उन्हात घातली. सॉनाच्या न्हाणीची लाकडं फोडून ठेवलीत. रायफलच्या परवान्यावर माझ्या नावाबरोबर तुझंही नाव चढवायचा पोलिसांचा कागद सोबत जोडलाय, त्यावर सही कर. करायचीच असेल तर एवढी एकच सही कर.

बस दुकानापाशी थांबते. मी तिथं असेन, तुइस्कुपण असेल. ती तुला आधी ओळखेल आणि भुंकेल. मागून हाक मारू नकोस, मला ऐकू येणार नाही आणि तुला उगाच वाईट वाटेल. उजव्या बाजूने ये आणि अगदी जवळ येऊन बोल. त्या कानात थोडं आहे अजून. तुझ्यासाठी ठेवलंय.

बाबा